गणपतीआधीचा रंग आणि दरवर्षी परत येणारी बुरशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवली पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर घर, इमारत साधारण तीस वर्षांची. मुलीच्या खोलीची बाहेरची भिंत पश्चिमेला येते. जुलै लागला की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे-हिरवे ठिपके उमटतात, कपड्यांना कुबट वास लागतो, मुलीला उठल्या उठल्या शिंका येतात आणि मधूनच छातीत घरघर होते. गेली काही वर्षं गणपतीआधी ती भिंत घासून रंगवून घेतली, तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. रंगाचा दुकानदार बुरशीरोधक महागडा रंग सुचवतो, शेजारी पीव्हीसी पॅनेल लावून टाका म्हणतात. काय करावं?

ताई, यंदा रंगावर एक रुपयाही घालू नका आणि पॅनेल तर अजिबात लावू नका. मुंबईत गळती आणि ओल काढण्याच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्या जोरावर एवढं ठामपणे सांगतो. परत परत येणाऱ्या बुरशीच्या मुळाशी पाणी असतं. ते पाणी कुठून येतं हे न शोधता भिंतीवर मारलेला प्रत्येक हात पुढच्या वर्षीच्या बुरशीची सोय करतो.

आधी हे बघा की गणपतीआधीचा रंग का टिकत नाही. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. त्याआधी दीड-दोन महिने पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तुमच्या भिंतीवर पावसाचा मारा चाललेला असतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. विटा आणि गिलावा तोवर पाणी पिऊन तट्ट झालेले असतात. रंगारी येतो, वरचे पोपडे काढतो, पुट्टी भरतो, पंख्याखाली ती पांढरी दिसू लागली की सुकली असं समजून दोन हात मारतो. पुट्टीचा वरचा थर सुकलेला असतो, भिंत नव्हे. आतली ओल आता प्लास्टिक रंगाच्या पडद्यामागे कोंडली जाते. ऑक्टोबरच्या उन्हात ती बाहेर पडायला बघते, रंगाला फुगे येतात, पुट्टी सुटते. पुढच्या जूनपर्यंत तिथे बारीक भेगा आणि पोकळ्या तयार असतात. तुमच्या घरी सण आहे, भिंत डागाळलेली नको वाटणं स्वाभाविक आहे. पण यंदा भिंत फक्त पुसून स्वच्छ करा आणि आरास त्या भिंतीपासून दूर, दुसऱ्या खोलीत मांडा.

बुरशीबद्दल फार शास्त्र सांगत बसत नाही, कामापुरतं सांगतो. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते घरात येऊ न देणं कुणालाच शक्य नाही. तिला ऊब लागते, ती मुंबईत बारा महिने आहे. खायला धूळ, कागद, लाकडाचा भुसा, डिस्टेंपरमधला चिकट अंश, पुट्टीवर बसलेला स्वयंपाकाचा तेलकट थर, यातलं काहीही चालतं. राहिलं पाणी. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, त्यासाठी भिंत हाताला ओली लागायचीसुद्धा गरज नसते. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या बाहेरच्या हवेतच आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून इथे भिंत रंगवून सोडून दिली तर बुरशी येणारच. तिच्या चार गरजांपैकी आपल्या हातात असलेली ही एकच, आणि सगळा जोर तिच्यावरच लावायचा.

तुमच्या वर्णनात दोन जागा आहेत. माझा कयास असा की तिथे दोन वेगवेगळी दुखणी आहेत. खिडकीच्या वरचा कोपरा बहुधा बाहेरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने ओला होतो. कपाटामागची भिंत बहुधा हवेतल्या दमटपणाने. दोन्हींना एकच इलाज केला तर एक बरं होईल आणि दुसरं तसंच राहील, मग तुम्ही म्हणाल की इलाजच खोटा होता. म्हणून आधी निदान करा.

निदानासाठी पेन्सिल, प्लास्टिकचा तुकडा आणि आर्द्रतामापक एवढं पुरतं. आर्द्रतामापक म्हणजे छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. पेन्सिलीने ओलीच्या डागाची कड भिंतीवरच आखा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-चार तासांत डाग त्या रेषेबाहेर सरकत असेल तर पाणी बाहेरून येतंय. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तरी डाग तसाच राहिला, किंवा मे महिन्यातही ओल होती असं आठवत असेल, तर वरच्या घराची मोरी, नहाणी ट्रॅप (मोरीतलं पाणी वाहून नेणारी जमिनीतली जाळी आणि तिच्याखालचं भांडं) किंवा भिंतीत गाडलेला पाइप तपासायला हवा. वरच्यांकडे सकाळच्या आंघोळी झाल्यावर डाग गडद होतो का, तेही बघा. रोज बघून लिहिलेल्या या तारखा कुठल्याही कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा जास्त सांगतात.

मग प्लास्टिक. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कपाटामागच्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला, तुमच्याकडे जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. चिकटपट्टी ओल्या भिंतीवर धरत नाही, तेव्हा लावण्याआधी कडा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

डोळ्यांनीही बरंच कळतं. पिवळसर, नकाशासारखी वळणावळणाची कड असलेला डाग आणि त्यावर पांढरा भुरा, ज्याला आपण भिंतीला मीठ फुटलं किंवा लोणा लागला म्हणतो, हे आतून येणाऱ्या पाण्याचं लक्षण. पाणी विटेतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हवेतल्या वाफेने आलेल्या बुरशीला असा भुरा नसतो. तिथे सुटे सुटे ठिपके असतात, कपाटाच्या पाठीच्या मापात, कोपऱ्यात किंवा पडद्याच्या घडीमागे, म्हणजे जिथे वारा फिरत नाही तिथे. आणि डागात तपकिरी गंजाची झाक असेल, तिथला गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर थांबा. आतली लोखंडी सळई गंजते आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे झपाट्याने वाढतं. तिथे रंगाऱ्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे येऊ. मुंबईतल्या तीस वर्षांच्या इमारतींत पाणी शिरायच्या ठरलेल्या जागा आहेत. पहिली म्हणजे काँक्रीटची बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते ती आडवी रेघ. काँक्रीट आणि वीट उन्हात कमीजास्त प्रसरण पावतात, म्हणून त्या सांध्यावर केसासारखी भेग पडते. मूळ गिलावा करताना तिथे कोंबडीजाळी, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावलेली नसेल तर पडतेच. वाऱ्याच्या दाबाने पाणी त्या केसाएवढ्या भेगेतून आत ओढलं जातं. दुसरी जागा छज्जा, म्हणजे खिडकीच्या वर बाहेर आलेली काँक्रीटची फळी. छज्जाच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. कुणीतरी वर बॉक्स ग्रिल बसवताना तोडफोड केली, त्यावर कुंड्या ठेवल्या, माती साचली की तिथे डबकं होतं आणि ते पाणी भिंतीत मुरत राहतं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी गळून पडावं म्हणून एक खाच असते. रंगकामात ती पुट्टीने बुजवली गेली असेल तर पाणी खालून उलटं सरकत थेट खिडकीच्या डोक्यावर येतं. तिसरी जागा पाइपांचे सांधे, आणि तिथे उगवलेला पिंपळ. वीतभर रोपटं दिसतं, पण त्याची मुळं भेगेतून आत गेलेली असतात. वरून छाटलं तर ते अधिक जोमाने फुटतं, मुळासकट काढून ती भेग भरावी लागते.

आणि सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. हे मी फार बारकाईने बघायला सांगतो, कारण इथे पैसे न घालता प्रश्न सुटू शकतो. खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक लांबट भोकं असतात, पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी. मुंबईची धूळ, कबुतरांची पिसं आणि जुना सिमेंटचा चुरा यांनी ती भोकं हटकून बुजलेली असतात. पाऊस पडला की पट्टी पन्हाळीसारखी भरते आणि पाणी आतल्या बाजूने उंबऱ्यावरून खालच्या भिंतीत उतरतं. मे महिन्यात झाडूची काडी किंवा जुना टूथब्रश घेऊन ती भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय का बघा. खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन कडक होऊन सुटलं असेल तर ते पूर्ण खरवडून नवीन भरा. जुन्यावर नवीन थापलं तर धरत नाही.

नेमकी भेग कुठे आहे हे पावसाळ्यानंतर पाइपाने पाणी मारून शोधता येतं. खालून वर जायचं. आधी खिडकीच्या उंबऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं पाणी, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. काही नाही आलं तर चौकटीच्या बाजूला, मग छज्जावर, मग बीमच्या रेघेवर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही.

कपाटामागची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं तर मुंबईत ती दिवसेंदिवस वाढते आहे. कारण एसी. मुलुंडच्या एका घरातलं उदाहरण सांगतो. मुलाच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीवर काहीच नाही, पण आतल्या पार्टिशनवर जमिनीपासून पाच फुटांवर काळ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा. वर मोरी नाही, भिंतीत पाइप नाही, पाऊस पोचायचा प्रश्नच नाही. हात लावला तर भिंत गार. पलीकडच्या खोलीत आईवडिलांचा एसी रात्रभर १८ वर चालायचा आणि त्याचा झोत नेमका त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर आदळायचा. चार इंची पार्टिशन, गारवा आरपार यायचा. मुलाच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, म्हणजे इकडची हवा पावसाळी. बाहेर २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २६ अंशांना थंड झालेल्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच त्या भिंतीला होत होतं. बुरशी एसीच्या खोलीत नव्हती, एसी नसलेल्या खोलीत होती, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. एसीचे झोत वर वळवले, तापमान २५ वर आणलं, त्या भिंतीजवळची पुस्तकांची मांडणी हलवली. रंगाला हात न लावता पट्टा वाढायचा थांबला, आणि मग दिवाळीनंतर भिंत रंगवली.

तुमच्याकडे शेजारच्यांचा एसी कपाटाच्या भिंतीपलीकडे आहे का, किंवा तुमच्याच खोलीत एसी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एक सवय ताबडतोब बदला. बहुतेक घरांत सकाळी एसी बंद होतो आणि ताजी हवा यावी म्हणून लगेच खिडक्या सताड उघडल्या जातात. भिंती अजून गार असतात आणि बाहेरची दमट हवा येऊन थेट त्यांच्यावर बसते. एसी बंद केल्यावर तासभर नुसता पंखा चालू ठेवा, भिंती कोमट होऊ द्या, मग खिडक्या उघडा. एसी २५-२६ वर आणि पावसाळ्यात ड्राय मोडवर चालवा. खोलीच्या मानाने फार मोठा एसी बसवला असेल तर तो पटकन गार करून बंद पडतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. अशी खोली गारही लागते आणि चिकटही. एसीचं पाणी नेणारी नळी आणि ती जिथून भिंतीतून बाहेर जाते ते भोकसुद्धा बघा. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि त्याभोवतीची फट बुजवलेली हवी. नाही तर पावसाचं पाणी त्याच वाटेने घरात येतं.

खिडक्या उघड्या ठेवा हा सल्ला सगळे देतात. पावसाळ्यात तो अर्धाच बरोबर आहे. बाहेर धो धो पाऊस आणि ९० टक्के आर्द्रता असताना खिडकी उघडून घर वाळत नाही. दुपारी ऊन पडलं, उघडीप मिळाली, तर त्या दोन-तीन तासांत सगळ्या खिडक्या, कपाटाची दारं, पडदे, सगळं उघडा आणि पंखे पूर्ण वेगाने चालवा. आर्द्रतामापक आत आणि बाहेर ठेवून बघितलंत तर कधी उघडायचं हे तोच सांगेल.

घरात आपण स्वतः किती पाणी हवेत सोडतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. स्वयंपाकाचा गॅस जळताना वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत त्यातून साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं, आणि यात डाळ-भाताची वाफ धरलेली नाही. पाइप गॅसचंही तेच. म्हणून स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो. बाहेर नळी नसलेली, जाळीतून हवा गाळून परत घरातच सोडणारी चिमणी तेल पकडते, वाफ नाही. मशीनमध्ये पिळलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातही दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं. ते कपडे मुलीच्या खोलीत दोरीवर वाळत घातले तर ते सगळं पाणी त्याच भिंतीवर जातं. कपडे एकाच जागी वाळवा, शक्यतो बाल्कनीला लागून असलेल्या जागेत, खोलीचं दार लावून आणि पंखा लावून. ते शक्य नसेल आणि मुलीला दम्याचा त्रास ठरला असेल, तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं विजेचं यंत्र, घ्या. मी सरसकट तो सुचवत नाही, वीज खातो आणि थोडी उष्णता सोडतो. पण मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीत तो दिवसाला लिटरच्या लिटर पाणी काढतो आणि खोली ६० टक्क्यांच्या खाली आणू शकतो. ६० च्या खाली राहिलेल्या खोलीत बुरशीला जोर धरता येत नाही.

कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा आणि खाली पायांवर उचलून घ्या, म्हणजे मागून हवा वर जाईल. भिंतीला खिळलेलं, पाठ नसलेलं अंगचं कपाट असेल तर बाहेरच्या भिंतीवर ते ठेवूच नका, पुढे नूतनीकरण कराल तेव्हा आतल्या भिंतीला हलवा. डांबरगोळ्या आणि कापूर कीड दूर ठेवतात, भिंतीच्या बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात चालतात, उघड्या खोलीत ते काहीच करू शकत नाहीत.

साफसफाई मात्र यंदाच करा, ती थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दमट घरांचा श्वसनाच्या तक्रारींशी आणि दम्याशी असलेला संबंध स्पष्ट नोंदलेला आहे. मेलेली बुरशीही अॅलर्जी देते, तेव्हा ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते. मुलीला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि घरात ज्या कुणाला दमा असेल त्याने हे काम करू नये. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. कोरडा ब्रश किंवा झाडू अजिबात नाही, त्याने बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भिंत आधी ओली करा, फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका, परत धुवून वापरू नका. पोपडे निघत असतील तर तेही ओले असतानाच खरवडा.

त्यानंतर मी टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, वापरतो. लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम विरघळवायचा, भिंतीवर लावायचा आणि तसाच सुकू द्यायचा. तो मागे राहून बुरशीला अडवतो. रंग द्यायच्या वेळी मात्र ओल्या फडक्याने पुसून घ्यायला लागतो, नाही तर प्रायमर धरत नाही. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर विषारी आहे. ब्लीच टाइलवर आणि काचेवर उत्तम काम करतं, पण गिलाव्यासारख्या सच्छिद्र भिंतीत त्याचं पाणी आत मुरतं आणि औषध वरच राहतं, म्हणून डाग पांढरा दिसतो आणि महिन्याभरात परत येतो. तरी वापरायचंच असेल तर लिटरभर पाण्यात ६० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. आणि हे नीट लक्षात ठेवा, घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा: ब्लीच आणि लादी-संडास धुण्याचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकाच जागीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही ब्लीच नको.

बुरशी दहा चौरस फुटांहून जास्त पसरली असेल, किंवा कपाटाची प्लायची पाठ, पीओपीचं छत मऊ पडलं असेल, तर ते पुसून भागत नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

पॅनेलबद्दल मी सुरुवातीलाच नको म्हटलं, त्याचं कारण सांगतो. ओल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावला की मागे अंधार, दमट आणि वारा नसलेली फट तयार होते. समोरून भिंत चकाचक दिसते आणि मागे बुरशी मोकळेपणाने वाढते, वास येतो पण दिसत काही नाही. अशी पॅनेलं उघडताना मी मागची सगळी भिंत काळी झालेली बघितली आहे, आणि त्या खोलीत लहान मूल झोपत होतं. आतल्या बाजूने ओलरोधक रसायनाचा थर मारून देतो म्हणणाऱ्यांचंही तसंच. पाणी बाहेरून येतच राहतं, ते थराच्या कडेने वाट काढतं आणि पुढच्या वर्षी डाग फूटभर वर किंवा बाजूला दिसतो.

गिरगाव-परळकडच्या जुन्या चाळींत, जिथे भिंती चुन्याच्या आहेत, तिथे अजून एक गोष्ट. तळमजल्यावर जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. ती लपवायला लोक चार फुटांपर्यंत टाइल किंवा सिमेंटचा गिलावा करतात. ओलीला बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर ती टाइलच्या वर, पाच-सहा फुटांवर निघते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी द्यावी. भिंतीला श्वास घेता येतो आणि ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारतेत बुरशी धरत नाही. तुमच्या सिमेंटच्या, प्लास्टिक रंग मारलेल्या भिंतीवर मात्र चुना टिकणार नाही, तेव्हा कुणी सुचवलं तरी करू नका.

आता कामाचं वेळापत्रक. मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. ऑक्टोबरचं ऊन भिंतीला खाऊ द्या. नोव्हेंबर-डिसेंबरात बाहेरून दुरुस्ती: भेगा इंग्रजी व्ही आकारात खणून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायच्या, बीमच्या सांध्यावरचा सुटलेला गिलावा काढून जाळी लावून नव्याने करायचा, छज्जाचा उतार आणि खालची खाच पूर्ववत करायची, मग बाहेरचा लवचीक रंग. नवीन गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे, हे स्वतः उभं राहून बघा, कारण परांचीवर चढून रोज पाणी मारायचा सगळ्यांना कंटाळा येतो. आतली भिंत वाळायला वेळ लागतो. जाडीच्या दर इंचाला एक महिना हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून आतला रंग फेब्रुवारी-मार्चच्या आधी नको. तेव्हा पुन्हा प्लास्टिकचा तुकडा लावून बघा, आतल्या बाजूला थेंब नसतील तरच रंगाऱ्याला बोलवा. आधी क्षार सहन करणारा प्रायमर, मग रंग. बुरशीरोधक रंग घ्यायचा तर आता घ्या, कोरड्या भिंतीवर तो दोन-तीन वर्षं चांगली साथ देतो. भिंतीवर धूळ बसू दिली तर बुरशी रंगावर नव्हे, त्या धुळीवर वाढते, म्हणून पावसाळ्याआधी भिंती ओल्या फडक्याने पुसायच्या.

खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांत सगळ्यात जास्त वाद होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याने होणारी गळती आणि सामाईक पाइपांची गळती याची दुरुस्ती सोसायटीने तिच्या खर्चाने करायची असते. वरच्या घरातल्या संडास-मोरीतून होणारी गळती असेल तर तो खर्च त्या सदस्याचा. तुमच्या पेन्सिलीच्या रेषांचे तारखेसकट फोटो, पाइपाने पाणी मारून केलेल्या चाचणीचा व्हिडिओ आणि एक साधं पत्र सेक्रेटरींना द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या सभेपर्यंत विसरलं जातं. त्याच पत्रात स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी करून घेण्याबद्दलही विचारा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते करायचं असतं, आणि तुमची इमारत त्या उंबरठ्यावर आहे. एकट्या तुमच्या भिंतीला परांची बांधणं परवडत नाही. पश्चिमेच्या त्याच उभ्या ओळीत वरखाली राहणाऱ्यांना विचारा, त्यांच्याही भिंती ओल्या असणार. चार-पाच जणांच्या सह्यांचं पत्र गेलं तर सगळी बाजू एकदम करून घेता येते, आणि भेगा मजल्यांच्या सांध्यांवरून सलग गेलेल्या असल्याने खरं तर तसंच करायला हवं.

कंत्राट देताना एक अट लिहून घ्या: दहा टक्के रक्कम पुढचा जुलै संपेपर्यंत राखून ठेवायची. काम करणारा चोख असेल तर तो ही अट मान्य करतो, आणि जो नाही म्हणतो त्याला परांची बांधूच देऊ नका.